मंडईपर्यंतची पैज

पोस्टरवर माझ्या नावाखाली आजकाल ‘स्वतंत्र गायिका-गीतकार’ असं छापतात. मायला एकदा ते वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "तू तं लहानपनापासूनच तशी हायेस. त्याले छापाले कायले लागते?" मग मी तिला समजावलं की माझ्यामागे कुठली कंपनी नाही, गाणं मीच लिहिते, चाल मीच लावते, आणि कार्यक्रम संपला की स्पीकरची पेटीही मीच उचलते. शेवटचं तेवढं तिला पटलं. पेटी उचलायला कोणी माणूस का देत नाहीत, यावर ती अजून अधूनमधून भांडते.

लोक विचारतात, सुरुवात कुठून झाली? मी सरळ सांगते, आमच्या गावच्या मंडईतून. पुण्या-मुंबईच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजीबाजार दिसतो. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे एकमेकांकडे जाता येतं. लेकी-जावई येतात, घरोघरी वडे तळले जातात, दुपारी चौकात दंडार, म्हणजे आमचा लोकनाच, होते आणि रात्री नाटक. भंडारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाचं वर्ष मंडईला संपतं आणि मंडईनंतर सुरू होतं. म्हणून बाबांनी मला मुदत दिली तीही मंडईपर्यंतचीच.

आमचं गाव अड्याळपासून जवळ. बाबा एसटीत कंडक्टर, भंडारा ते लाखांदूर गाडीवर. दिवसभर तिकिटं फाडायची आणि संध्याकाळी विहारात मंडळींबरोबर ढोलकी धरायची, हा त्यांचा नेम. जयंतीला आमच्या गावचं गायन मंडळ आजूबाजूच्या गावांत जायचं आणि लोक ‘तो कंडक्टर आला का’ म्हणून आधी विचारायचे. ताल माझ्या अंगात आला तो त्यांच्याकडूनच. पण आमच्या घरात गाणं म्हणजे काहीतरी सांगण्यासाठी, लोकांना जागं करण्यासाठी म्हणायची गोष्ट होती. मी नागपूरला बी.ए. करताना हॉस्टेलच्या एका मोठ्या मुलीकडून जुनी गिटार घेतली आणि ती खांद्याला लावून गावच्या थांब्यावर उतरले, तेव्हा पानठेल्यावाल्यानं विचारलं, "बेंजो आनला का बाई?" गिटार आणि बेंजो यांतला फरक मी बरेच दिवस सगळ्यांना समजावून सांगितला. मग कंटाळून मीच बेंजो म्हणायला लागले.

त्या गिटारीवर मी जे पहिलं धड गाणं बांधलं, ते सायकलच्या चेनचं. एक मुलगी रोज सायकलनं शिकवणीला जाते आणि नेमकी एकाच घरापुढं तिची चेन पडते, एवढीच गोष्ट.

चेन पडली, चेन पडली,
तुह्याच फाटकापुढं पडली,
बाकी रस्ता गुळगुळीत सारा,
इथंच येऊन अडली.

खाली गिटार जोरात, मधे टाळ्या, आणि शेवटी नुसतं ओरडणं. मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं, उगाच नम्रपणा कशाला. बाबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोनाच्या फाटकापुढं?"

"कोनाच्याच नाही बाबा. गानं आहे ते."

"बरं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या सायकलच्या चेनला तेल घालून ठेवलं.

परीक्षा संपवून मी उन्हाळ्यात घरी आले तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. हॉस्टेलमधल्या दोन मैत्रिणी पुण्याला गेल्या होत्या. तिथं त्या छोट्या कॅफेंत वाजवायच्या आणि मला बोलावत होत्या, तू ये, तुझी गाणी घेऊन ये. मला जायचं होतं. म्हणजे इतकं जायचं होतं की जेवताना घास हातात धरून मी पुण्याचा विचार करत बसायची. बाबांचं म्हणणं होतं की भंडाऱ्याला बी.एड. करावं, मास्तरीण व्हावं आणि गाणं संध्याकाळी म्हणावं, त्यांच्यासारखं. मी चिडले की माझा आवाज पार शेजारच्या ओसरीत जातो. त्या दिवशी मामा जेवायला आला होता. तो मायचा धाकटा भाऊ, एकोडीचा. त्याच्याकडे ऑटो होता आणि त्यावर भोंगा बांधून तो नाटकांची जाहिरात गावोगाव फिरवायचा. दोघांचा आवाज चढलेला पाहून तो म्हणाला, "भाऊजी, भांडून होत नाही. पैज लावा."

बाबांना पैज म्हटलं की राहवत नसे. ते म्हणाले, "मंडईपर्यंत थांब. तवापर्यंत आपल्या गावच्या एका तरी मानसानं, आपल्या मनानं, तुह्यंच गानं मांगतलं, तं मी हारलो. तू पुन्याले जाय. नाही मांगतलं, तं भंडाऱ्याले बी.एड. अन् रोजचं येनं-जानं माह्याच गाडीनं."

"एकच मानूस?" मी म्हटलं.

"एकच. पन तू सांगाचं नाही का हे माह्यं आहे. मैत्रिनीले चिमटा घेऊन मांगाले लावाचं नाही."

मी लगेच हो म्हटलं. एक माणूस म्हणजे काय मोठी गोष्ट, असं मला वाटलं. घमेंड होतीच मला थोडी.

पावसाळाभर ती घमेंड हळूहळू उतरत गेली. गाणं मी नागपूरला मैत्रिणीच्या खोलीत, दाराला गादी लावून रेकॉर्ड केलं होतं. ते इंटरनेटवर टाकलं. ऐकणाऱ्यांत बहुतेक मीच होते. मग अड्याळच्या बाजारात एक मोबाईलचं दुकान होतं, तिथं मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचे, त्या दुकानदाराला मी गाणं दिलं. त्याला ते आवडलं. तो येणाऱ्या प्रत्येकाच्या कार्डात सिनेमाच्या गाण्यांबरोबर ते फुकट घालू लागला. पण त्यावर ना नाव, ना गाव. मी मात्र बारशाला, लग्नाला, हळदीला कोणी बोलावलं की गिटार घेऊन जायची आणि बाया म्हणायच्या, "ते सिनेमातलं लाव ना बाई बेंजोवर." मी लावायची. संध्याकाळी बाबा घरी आले की बूट काढता काढता विचारायचे, "मांगतलं का कोनी?"

"नाही."

"बरं," म्हणायचे आणि हातपाय धुवायला जायचे. त्या ‘बरं’चा मला इतका राग यायचा की मी दोन-दोन दिवस त्यांच्याशी त्या ‘नाही’पलीकडे बोलत नसे. धान निसवलं, मग पिवळं पडलं, आणि माझं गाणं कोणी मागितलं नाही.

दिवाळीला मामा आला आणि म्हणाला, "दे मले ते गानं. मी काही सांगत नाही कोनाले. नुसतं वाजवतो. वाजवाले तं भाऊजीनं मनाई नाही केली?" खरंच, वाजवायला मनाई नव्हती. आमच्या मंडईला त्या वर्षी वडशाची एक कंपनी नाटक घेऊन येणार होती आणि जाहिरात मामाकडेच होती. आमच्या गावातून, आसपासच्या वाड्यांतून, अड्याळच्या बाजारातून त्याचा ऑटो फिरू लागला. ‘हृदय पिळवटून टाकणारं कौटुंबिक, तीन अंकी नाटक’ असं तो भोंग्यात सांगायचा आणि श्वास घ्यायला थांबला की माझी चेन पडायची. मग पुन्हा नाटक, पुन्हा चेन. मी अंगणात उभी राहून ऐकायची आणि मला हसू आवरायचं नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी मी चौकातल्या मंचावर उभी राहिले. दंडार सुरू व्हायची होती आणि तोवर गावची मुलगी म्हणून मला वेळ दिलेला. गर्दी भरपूर होती. शिंगाड्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, नव्या साड्या नेसलेल्या माहेरवाशिणी. मी विचारलं, "काय म्हणू?" एकीनं सिनेमातलं सांगितलं, दुसरीनं दुसऱ्या सिनेमातलं, आणि एका जावईबापूंनी तर हिंदी कव्वाली मागितली. मी सगळं म्हटलं. बाबा कडेला, हाताची घडी घालून उभे होते. ते हसत नव्हते, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. जिंकणारा माणूस थोडा तरी हसतो. मी गिटार ठेवली, मंचामागे येऊन बसले आणि मनातल्या मनात बी.एड.ला बसले.

तेवढ्यात नाटक कंपनीचे मॅनेजर तणतणत आले. कपाळावर घाम. "कुठं आहे तो भोंगावाला?" त्यांनी विचारलं. मामा माझ्या मागे लपायला पाहत होता, पण माझ्यामागे लपण्याएवढा तो बारीक नव्हता. मॅनेजरांचं दुःख असं होतं की सकाळपासून बुकिंगच्या टेबलावर जो येतो तो विचारतो, चेनवालं गाणं कोणत्या अंकात आहे? पुढच्या खुर्च्या भरल्या त्या गाण्यासाठी. आणि नाटकात सायकलच नव्हती. "लोक खुर्च्या तोडतीन माह्या," ते म्हणाले. "नायिका मरते आमची. तिले मराच्या आधी सायकलवर कसं बसवू?"

मामा एकदम लपायचा थांबला. "भाऊजी," तो बाबांना ओरडून म्हणाला, "हारले तुमी. सारं गाव मांगून राहिलं."

बाबा जवळ आले. "गाव कंपनीचं गानं मांगून राहिलं," ते म्हणाले. "हिचं नाही."

यावर मंचामागे जो वाद पेटला तो कोर्टात शोभला असता. मामा म्हणत होता, गाणं तेच ना? बाबा म्हणत होते, पण मागणाऱ्याच्या मनात कोण? मॅनेजर दोघांना विनवत होते की काहीही करा, पण कोणीतरी ते गाणं म्हणा. मी गिटार उचलली आणि पुन्हा मंचावर गेले. रात्रीची वाट कोण पाहणार? ऊन अजून होतं, दंडारवाले पायात घुंगरू बांधत बसले होते. मी सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीला चौक मंचाकडे वळला, मग टाळ्यांच्या जागी टाळ्या आल्या. शिंगाडेवाली मापटं हातात धरून उभी राहिली. ‘इथंच येऊन अडली’ तर सगळे माझ्याआधीच म्हणाले. असा आनंद मला आधी कधी झाला नव्हता.

गाणं संपलं. समोर बसलेली आमच्या शेजारची काकू कौतुकानं म्हणाली, "चांगलं उतरवलं बाई. कंपनीसारखंच झालं."

बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कंपनीसारखंच. माझं डोकं सणकलं. आता पैजेची अट गेली खड्ड्यात, असं म्हणून मी माईकवरच बोलले, "काकू, हे कंपनीचं नाही. हे मी लिवलं. चाल बी माह्यी. भोंग्यात आवाज बी माह्याच आहे."

काकूनं डोक्यावरचा पदर नीट केला. "असंन बाई तुह्यं," ती म्हणाली. "पन अजून एकदा म्हन."

मी बाबांकडे पाहिलं. मामा त्यांच्याकडे पाहत होता. मॅनेजर सगळ्यांकडे. बाबांनी दंडारवाल्याच्या गळ्यातली ढोलकी काढून आपल्या गळ्यात घातली, मंचावर चढले आणि माझ्या बाजूला उभे राहून नुसतं म्हणाले, "घे." दुसऱ्या वेळी ते गाणं जसं झालं तसं मला नंतर कुठल्याच स्टुडिओत जमलं नाही. रात्री नाटकात नायिका मरण्यापूर्वी पडद्यापुढं येऊनही मी ते म्हटलं आणि एकही खुर्ची तुटली नाही.

पुण्याला निघायची सकाळ उजाडली. मायनं चिवड्याचे डबे बांधले, रडली, पुन्हा एक डबा बांधला. भंडाऱ्यापर्यंत बाबांच्याच गाडीनं जायचं होतं. गिटार मांडीवर घेऊन मी मधल्या सीटवर बसले. गावच्या थांब्यावरच अड्याळच्या शाळेत जाणाऱ्या आमच्याच गावच्या मुली चढल्या, रोजच्यासारख्या मागे जाऊन बसल्या आणि गाडी सुटताच त्यांतली एक ओरडली, "काका, चेनवालं लावा ना."

बाबांनी खिशातून मोबाईल काढला, बटण दाबलं आणि तो खिडकीच्या कडेला टेकवून ठेवला. माझा आवाज सगळ्या गाडीत पसरला. मुली म्हणू लागल्या. त्यांना सगळं गाणं पाठ होतं, शेवटचं ओरडणंसुद्धा. ड्रायव्हरही स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता, म्हणजे हे त्यालाही नवं नव्हतं.

बाबा तिकिटं देत माझ्यापर्यंत आले. मी विचारलं, "मंडईत ऐकून म्हनून राहिल्या का ह्या?"

"नाही," ते म्हणाले. "पोळ्यापासून. रोज मांगतात. मीच भरून आनलं मंग अड्याळच्या दुकानातून."

पोळा म्हणजे मंडईच्या किती आधी. मी रोज संध्याकाळी ‘नाही’ म्हणत होते आणि हा माणूस रोज सकाळी माझं गाणं लावत होता, आमच्याच गावच्या मुली मागत होत्या म्हणून.

"मंग हारले ना तुमी तवाच? सांगतलं काहून नाही?"

त्यांनी माझं तिकीट फाडलं आणि हातात दिलं.

"सांगतलं असतं, तं तू पोळ्यालेच गेली असती," ते म्हणाले, आणि पुढच्या सीटवर तिकीट विचारायला गेले.