ठकीला कडू कळत नव्हतं

ठकी आज सकाळी गेली. उंदराचं औषध खाऊन.

तिला कडू का कळत नाही, हे कंपनीत फक्त मला माहीत होतं.

ठकी म्हणजे चाकणला आमच्या कंपनीच्या गेटवरची कुत्री. चार वर्षं शिंदेमामांच्या सिक्युरिटी केबिनबाहेर राहिली.

दिवाळीनंतर तिला टेम्पोची धडक बसली. चिंचवडच्या डॉक्टरांकडे मीच नेलं. महिन्याभरात चालायला लागली. मान तेवढी कलती राहिली.

डॉक्टर म्हणाले होते, "मार मेंदूच्या देठाला आहे. जीभ ठीक आहे, पण कडू लागलं की थुंकायचं, हे तिथून ठरतं. ते आता होईलच असं नाही. एकदा बाधलेलं ती परतही खाईल. समोर काय पडतंय ते तुम्हीच बघा."

मी हो म्हणालो.

दुसऱ्याच दिवशी डब्यातलं कारलं तिच्यापुढे टाकलं. खरं आहे का, ते बघायला.

पूर्वी कारल्याच्या वासानं उठून जायची. आता खाल्लं, आणि आणखी मागत उभी राहिली.

मग लंच टाइमला सगळ्यांचा तोच खेळ. कडुनिंबाचा पाला. चहाचा चोथा. लिंबाची साल.

"कँटीनच्या भाजीला नावं न ठेवणारी ही एकटीच, राव," पॅकिंगचा सचिन म्हणाला.

सगळे हसले. मीही.

लिंबाच्या सालीनं ती ओकली. दुसऱ्या दिवशी तीच साल परत खाल्ली.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण खेळ मी सुरू केला होता.

स्टोअरच्या भिंतीलगत उंदरांसाठी औषधाच्या वड्या ठेवलेल्या असतात. दुसऱ्या कुणी खाऊ नयेत म्हणून त्या कडूजहर केलेल्या असतात. सोमवारी तिनं त्या खाल्ल्या. आम्हाला कळलं तोवर उशीर झाला होता.

आज शिंदेमामा केबिनमध्ये टोपी काढून बसले होते.

"चार वर्सं त्याच वड्या हायेत तितं, साहेब. वास घ्यायची, तोंड न्हाई लावलं कदी. म्हनून म्या निर्धास्त व्हतो. माझ्या ड्युटीत झालं. चूक माझीच."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बघणाऱ्यांना वाटलं असेल, धीर देतोय.

मामा फेसबुकवर नाहीत. उद्या फर्स्ट शिफ्टला केबिनमध्ये जाऊन त्यांना सगळं सांगणार आहे. आधी इथे लिहितोय, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ठकी, तुझी माफी मागायची तर सोय राहिली नाही.

नीज आता.