मामंजींची थांबणारी मोटार

आमच्या मामंजींना पळणाऱ्या बैलाचं कधी कौतुक वाटलं नाही. बाजारात लोक जोडी पळवून दाखवायचे, शेपट्या पिरगाळायचे, धुरळा उडवायचे. मामंजी बाजूला उभे राहून शांतपणे तंबाखू मळत. सगळा तमाशा आटोपला की विचारत, "पयस हाई दखं. आते थांबाडी दखाड." पळतो ते पाहिलं, आता थांबवून दाखव, हे ऐकून विकणारा चक्रावून जायचा. मग मामंजी भरली गाडी मागवत, ती उतारावर घालायला लावत आणि मधेच "हो" म्हणत. गाडी जागच्या जागी उभी राहिली तर पुढचं बोलणं, नाहीतर उपरणं झटकून घरी.

मला पाहायला धुळ्याला आले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मी सातवी शिकलेली, वाचून दाखवायला पुस्तक घेऊन बसलेली. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंसुद्धा नाही. घागर काठोकाठ भरून विहिरीपासून दारापर्यंत यायला सांगितलं. अर्ध्या वाटेत एकदम म्हणाले, "पोरी, थांब." मी थांबले, पण थोडं पाणी खांद्यावर सांडलंच. ते वडिलांना म्हणाले, "चाली जाई." आईला याचा इतका राग आला की पाहुणे गेल्यावर ती दोन दिवस तोंड फुगवून होती. "मुलगी पाहायला आले होते की म्हैस?" असं ती पुढे कितीतरी वर्षं म्हणायची. मी मात्र त्या घरात गेले, आणि चालून गेले हे बरं झालं असं आजही म्हणते.

आमचं गाव तापीच्या उत्तर काठाला. नंदुरबारचा बाजार, दवाखाना, कचेरी सगळं पलीकडे. पावसाळ्याचे चार महिने मधे पाणी, आणि त्या पाण्यावर नाव चालवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. नाव बांधायची तळोद्याला, कारण सागाचं लाकूड तिथं उतरतं. मग ती चार चाकांच्या गाड्यावर चढवून आठ बैलांनी ओढत नदीपर्यंत आणायची. सपाटीला काही वाटत नाही. खरी परीक्षा शेवटी, नदीच्या दरडीवर, जिथं वाट घसरगुंडीसारखी खाली जाते आणि मागची नाव पुढच्या बैलांवर येऊ पाहते.

मामंजींचा धाकटा भाऊ त्या दरडीवर नावेखाली सापडून गेला होता. बैल चांगले ओढणारे होते, पण थोपवणारे नव्हते. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही मी विचारलं म्हणून. सांगून झाल्यावर म्हणाले, "वढनारा गंज मियतस, माय. थोपनारा मियत नई." आणि उठून गोठ्यात गेले. त्यानंतर मी त्यांच्या त्या खोडीला हसले नाही.

जनी ही त्यांची एकुलती एक मुलगी, माझी नणंद. दिलेली कोरीटकडे. लढाई चालू होती त्या शेवटच्या पावसाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरले तेव्हा तापी दोन्ही काठ धरून चाललेली. सुईणीनं हात टेकले, नंदुरबारची नर्सबाई आणायला हवी होती, आणि आमची जुनी, तळाला झिरपणारी नाव त्या पुरात घालायची कुणाची छाती होईना. जनी वाचली, मूल गेलं. त्याच पुरात खुंटाला बांधलेली नावही गेली. पाणी उतरल्याबरोबर मामंजी तळोद्याला गेले आणि चांगली मोठी, रुंद पोटाची नाव सांगून आले. जनीला पुन्हा दिवस राहिले तेव्हा तर ती नाव पावसाळ्यापूर्वी नदीवर आणणं हेच त्यांचं खाणंपिणं झालं.

मी सुचवलं होतं की जनीला आधीच नंदुरबारला माझ्या मावशीकडे ठेवू. मामंजी माझं सहसा मोडत नसत, पण यावर त्यांनी कानावर हात ठेवले. लेकीचं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं, आणि एकदा माहेरी आलेली पोटुशी बाई मूल होईपर्यंत पुन्हा नदी ओलांडत नाही, हा आमच्याकडचा पक्का नेम. "ती नदी वलांडाव नई. नर्सबाई वलांडी. तेनाकरताच ते नाव शे," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता.

पण त्या वर्षी खुरकतीची साथ आली. गावोगावची जनावरं तोंडातून लाळ गाळत बसून राहिली. मामंजींच्या जोडीतला एक बैल मेला, दुसरा जगला तो हाडांचा सापळा होऊन. आठ बैल कुठून आणायचे? तेव्हा ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, भीत भीत विषय काढला. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या जुन्या मोटारी निघाल्या होत्या. नंदुरबारच्या उस्मानभाई मिस्त्रींनी अशा दोनतीन लॉऱ्या आणून दुरुस्त केल्या होत्या. त्यातली एखादी नावेला जुंपली तर? मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. मामंजींनी एवढंच विचारलं, "थांबस का ती?"

आम्ही तिघं नंदुरबारला गेलो. मावशीकडे उतरायचं म्हणून मलाही नेलं होतं. उस्मानभाई मोठा गोड माणूस. बापजाद्यांपासून त्यांच्या घरी टांगे दुरुस्त होत, हे मोटारींकडे वळलेले. त्यांनी सगळ्यात दांडगी लॉरी पुढे आणली. चाकं माझ्या खांद्याएवढी. "आबा, इंजन दखा पहिले. हत्तीना जोर शे इन्हामा." मामंजी तिच्याभोवती फिरले. कपाळाकडे, म्हणजे पुढच्या पत्र्याकडे, टक लावून पाहिलं. बैलाच्या कपाळावर केसांचा भोवरा पाहतात तसा तिथं शोधत असावेत. मग दोन बैलगाड्या दगडांनी भरून मागे बांधायला लावल्या आणि लॉरी नाल्याच्या उतारावर घालायला सांगितली. मधेच "हो" म्हणाले. उस्मानभाईंनी पाय दाबला. लॉरी थांबली, आणि थांबल्यावर हातभर पुढे सरकली.

"हाई खोटं शे," मामंजी म्हणाले. "थांबसू म्हनस, आन सरकस."

उस्मानभाई हसले. "आबा, एक हाथ तो सरकेगी. गाडी है, बैल नहीं."

"भाऊबी हातभरच दूर व्हता," मामंजी म्हणाले. उस्मानभाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं, तरी त्यांचं हसू मावळलं. दुसरी लॉरीही नापास झाली. तिसरी दिसायला अगदी दरिद्री होती. रंग उडालेला, दार काथ्यानं बांधलेलं, चालताना खोकणारी. पण उतारावर "हो" म्हटल्याबरोबर ती अशी उभी राहिली की मागच्या गाड्यांतले दगड एकमेकांवर आदळले. मामंजींनी तीच परीक्षा पुन्हा घेतली, मग आणखी एकदा. शेवटी तिच्या पत्र्यावर बैलाच्या पाठीवर थापटतात तसं थापटलं. इतक्या महिन्यांत त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहिलं.

नाव लॉरीला साखळीनं बांधू दिली नाही. साखळी ओढते, थोपवत नाही, असं त्यांचं म्हणणं. सागाची जाड दांडी घालून गाडा आणि लॉरी एकमेकांना जखडली, म्हणजे लॉरी थांबली की नावही थांबणार. उस्मानभाईंनाही ते पटलं. तळोद्याहून नाव निघाली तेव्हा वाटेतल्या गावांतून माणसं बघायला उभी होती. मामंजी लॉरीत बसले नाहीत. सगळी वाट पुढे पुढे चालत आले.

आमच्याकडे रीत आहे. नवी नाव नदीला येते तेव्हा घराघरांतल्या बायका हंडे-कळशा घेऊन दरडीवर जातात आणि तिच्या वाटेवर पाणी ओततात. नावेनं पहिलं पाऊल पाण्यावर टाकावं म्हणून. मामंजींनी आदल्या दिवसापासून सगळ्यांना निरोप दिले होते. जनीसाठीची नाव, तेव्हा पाण्यात काटकसर त्यांना चालणार नव्हती. "वता, वता, आखो वता," ते स्वतः उभे राहून सांगत होते. वरपासून खालपर्यंत सगळी दरड भिजून काळीभोर झाली. बैलांच्या काळात या पाण्यानं कधी काही बिघडलं नव्हतं. खूर ओल्या मातीत रुततात, उलट जास्त धरून ठेवतात. चाकं रुतत नाहीत हे त्या दिवशी तिथं जमलेल्या आमच्या गावातल्या एकालाही सुचलं नाही. उस्मानभाईंना काही बोलायचं होतं असं वाटलं, पण बायका गाणी म्हणत पाणी ओतत होत्या. अशा वेळी कोण मधे बोलतो?

लॉरी दरडीवर आली. अर्ध्यावर मामंजींनी "हो" म्हटलं. चाकं थांबली. मी पाहिलं ना, साफ थांबली होती. आणि थांबलेल्या चाकांनिशी लॉरी खाली घसरत निघाली, मागून नाव तिला रेटत. बायका किंचाळत पांगल्या. मामंजींनी वाटेच्या कडेचा ओंडका उचलून गाड्याच्या चाकाखाली घातला. गाडा आडवा फिरला, दांडी कडाडली, नाव कलंडून दगडावर आदळली आणि तिची एक बाजू फाटली. लॉरी पाण्याशी जाऊन उभी राहिली. माणूस कुणी गेलं नाही. पण तो ओंडका मामंजींच्या पायावरून गेला होता.

उस्मानभाई उतरून आले. "आबा, माफ करना," एवढंच म्हणत राहिले. मामंजी चिखलात बसले होते. ते लॉरीकडे पाहत म्हणाले, "तिले काई बोलू नका. ती थांबनी व्हती. जमीन थांबनी नई."

नाव पावसाळ्याच्या आत दुरुस्त होणार नव्हती. नवं लाकूड, नव्या फळ्या, महिन्यांचं काम. त्या संध्याकाळी पायाला हळदीचा लेप बांधून पडलेल्या मामंजींनी मला हाक मारली. "तुन्ही मावशीकडे जनीले धाड. सकायमाच. पानी वाढाना पहिले." मी म्हटलं, "मामा, पण नेम?" ते म्हणाले, "नेम मी मोडस. पाप लागनं ते माले लागो."

तापीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं. जगलेला एक बैल आणि शेजाऱ्याचा एक, अशी जोडी जुंपून जनीला गाडीत बसवलं. मामंजींना आम्ही खाटेवरून काठापर्यंत नेलं; पायाला नुसता मुका मार आहे असंच तेव्हा सगळ्यांना वाटत होतं. जनी रडत होती. "मांगे दखू नको," ते तिला म्हणाले. तिनं बापाचं ऐकलं. गाडी पलीकडच्या काठावर चढून झाडीआड होईपर्यंत तिची पाठच आम्हाला दिसत होती.

मग पाऊस सुरू झाला आणि नदी भरली. मामंजींचा पाय सुजला, काळा पडत चालला. डॉक्टर पलीकडे, आम्ही अलीकडे, आणि फुटलेली नाव दरडीवर उताणी पडलेली. ह्यांनी प्रकाशा गावाच्या उताराकडे जाऊन पाहिलं, तिथंही वाहतूक बंद. मला त्या नदीची चीड आली होती. मामंजींना नव्हती. श्रावणात पाणी जरा ओसरलं तेव्हा एक भिल्ल पोहणारा भोपळे बांधून आला आणि निरोप देऊन गेला की जनी मोकळी झाली, मुलगी झाली. मामंजींनी एवढंच विचारलं, "रडनी ना मोठाल्या आवाजमा?" रडली म्हणाला. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. पुढच्या पुरात, चढत्या पाण्याचा आवाज घरापर्यंत येत असताना, ते गेले. डॉक्टर आला असता तर पाय गेला असता, पण माणूस राहिला असता, असं मला नेहमी वाटतं.

पलीकडे निरोप जायला मार्गच नव्हता. त्यांच्या सुतकाचे दिवस अजून चालू होते तेव्हा एका सकाळी कुणी ओरडत आलं की पलीकडच्या काठावर गाडी उभी आहे. आम्ही धावलो. पलीकडे बोटाएवढी माणसं दिसत होती. लाल लुगड्यातली जनी पुढे आली आणि तिनं दोन्ही हातांनी मूल वर उचलून धरलं. आबांना दाखवायला आली होती. मधे एवढं पाणी, ओरडून ऐकू जाईना, आणि ऐकू गेलं असतं तरी काठावर उभ्या ओल्या बाळंतिणीला हे ओरडून कोण सांगणार? ती मूल खाली घेईना. वाट पाहत होती.

हे घरी पळाले. परत आले ते मुंडण केलेल्या डोक्यावर मामंजींचं तांबडं पागोटं घालून. पुढे जाऊन पाण्याशी उभे राहिले आणि हात वर केला. जनीनं मूल उराशी घेतलं, खाली वाकून जमिनीला डोकं टेकवलं. ती गाडीत बसून दिसेनाशी होईपर्यंत ह्यांनी हात खाली घेतला नाही.

पाणी उतरल्यावर, दसरा होऊन गेल्यावर, जनी मुलीला घेऊन आली. हे तिच्यासमोर मान वर करीनात. कसंबसं म्हणाले, "त्या दिवशी तठे..." तिनं त्यांना पुढे बोलू दिलं नाही.

"माले तवयच समजनं व्हतं, दादा," ती म्हणाली. "आबा एकदाव हात करेत आन लगेच मांगे वयी जायेत. तू उभाच ऱ्हायना."

मी विचारलं, "मग नमस्कार कुणाला केलास?"

"आबालेच," ती म्हणाली, आणि मुलीला माझ्या मांडीवर देऊन मामंजींच्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन बसली.