अर्ध्या गोठ्यातला संसार

प्राजक्ताच्या पनवेलमधल्या ऑफिसात घराचा नकाशा काढून घ्यायला येणारी माणसं बहुतेक मोबाइलवर फोटो घेऊनच येतात. कुणाचा तरी बंगला दाखवायचा आणि ‘अस्साच पायजे’ म्हणायचं. किशोरीबाईंनी फोटो आणला नव्हता.

“मला गोठ्यासारखं घर पायजे,” त्या म्हणाल्या.

शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान सुभाष पंख्याकडे बघत बसले होते. “गंमत करते ती,” ते म्हणाले.

“गंमत नाय करत.”

प्राजक्ताने वही उघडली. “किती मोठा होता गोठा, काकू?”

“पाच गुरांचा. तीन गुरांची जागा गुरांना, दोन गुरांची आमाला.”

किशोरीबाई बासष्ट वर्षांच्या. लग्न होऊन शिरढोणजवळच्या सासरी आल्या तेव्हा घरात चार भाऊ, आधीच्या दोन जावा, आणि खोल्या दोन. तिसऱ्या जोडप्याला जागाच नव्हती. सासऱ्यांनी घरामागचा गोठा दाखवला. सुभाषनी मधोमध कारवीच्या काठ्यांचा कूड घातला आणि शेणमातीने लिंपला. कूड खांद्याइतकाच उंच, त्याच्यावर कौलांपर्यंत सगळं मोकळं. पलीकडे दोन म्हशी आणि एक पारडी, अलीकडे नवराबायको. जागा सात फूट बाय नऊ फूट.

थंडीत जनावरांची ऊब कुडावरून इकडे यायची. थोरली रोशनी तिथेच पौषात झाली आणि तो सगळा हिवाळा तिला साधी सर्दी झाली नाही, हे किशोरीबाई आजही सांगतात. मोठ्या घरात नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर सासू आणि जावांच्या कानांतून बोलावं लागे. गोठ्यात ऐकायला फक्त म्हशी. संध्याकाळची धार काढून झाली की सुभाष बोलायला बसायचे. बंदरात नोकरी लागली तर काय घ्यायचं, मोरा धक्क्यावरून लाँचने मुंबईला कधी जायचं, बाजारात कोण कुणाला काय म्हणालं. त्यांचं बोलणं संपत नसे.

नोकरी चार वर्षांनी लागली, क्रेनवर. मग चाळीत भाड्याची खोली, मग नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. मुलं लग्न होऊन आपापल्या घरी गेली. शेतजमीन बहुतेक गेली, डोंगराच्या पायथ्याशी बारा गुंठे राहिले. गोठा तर कधीच पाडला होता. फ्लॅटमध्ये दोघंच असतात. सुभाष टीव्हीच्या खोलीत, किशोरीबाई आतल्या. भांडण नाही. बोलणंही नाही.

सुभाषना मात्र गोठ्याचं नाव नको होतं. त्या चार वर्षांत ते गावच्या हळदीला गेले की मित्र हंबरून त्यांचं स्वागत करायचे. ‘गोठ्यातला सुभाष’ हे नाव पुढे बंदरापर्यंत पोचलं. ते पुसायला त्यांनी तीस वर्षं क्रेन चालवली. आता बारा गुंठ्यांवर दुमजली बंगला, पुढे दोन गोल खांब, काचेचं रेलिंग आणि गेटवर स्टीलच्या अक्षरांत नाव, एवढं त्यांनी पक्कं केलं होतं. सातबारा त्यांच्या नावावर होता. त्यांच्या सहीशिवाय किशोरीबाईंचं घर कागदावरच राहणार होतं.

बांधकामाचं काम धाकटा दीर दत्ता बघणार होता. त्याच्या कानावर गोठ्याचं आलं तेव्हा तो मुद्दाम फ्लॅटवर आला.

“वयनी, गव्हाण हॉलमदे बसवू का किचनमदे?”

“तू बसशील तितं बसव,” किशोरीबाई म्हणाल्या. “खाणारा तूच.”

दत्ता हसला. सुभाष हसले नाहीत.

तिसऱ्या भेटीत प्राजक्ताने आराखडा टेबलावर पसरला. लांबट, बैठं घर. दगडी जोतं, एकच मोठं कौलारू छप्पर, दोन्ही अंगांना खाली उतरलेलं. मध्ये खांद्याइतकी भिंत, वर मोकळं. सगळं किशोरीबाईंनी सांगितलं त्यावरून काढलेलं. सुभाषनी कागदाकडे एकदा पाहिलं, मान फिरवली, आणि पुन्हा पाहिलं.

“ह्या अंगाला काय दाखवलंय?”

“म्हशींची बाजू होती ना, पूर्वेची? तिथे बैठकीची खोली केलीय.”

“पूर्वेला कुटं? म्हशी पश्चिमेला होत्या. पावसाचा मारा पश्चिमेकडनं. तिकडं माणसांना कोण झोपवील?”

“पूर्वेलाच होत्या,” किशोरीबाई म्हणाल्या. “सकाळचं ऊन पारडीच्या पाठीवर पडायचं.”

“ते दुपारचं. मागल्या दारातनं यायचं.”

“मागल्या दाराला तर झडप लावलेली.”

“ती तू बाळंत झालीस तेव्हा लावली. त्याच्या आदी उघडंच होतं. मी लावली का तू?”

हे अर्धा तास चाललं. खुंटा कुठे, पाण्याचा डेरा कुठे, कौलांतलं काचेचं तावदान नक्की कुणाच्या डोक्यावर. प्राजक्ता खोडत होती, पुन्हा काढत होती. किशोरीबाई मधेच बोलायच्या थांबल्या आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. सुभाषना इतकी वाक्यं सलग बोलताना बघून किती वर्षं झाली, हे त्यांना आठवेना.

सुभाषनी दारावर बोट ठेवलं. “इतं उंबरठा नाय.”

“गोठ्याला नव्हता, काकू म्हणाल्या,” प्राजक्ता म्हणाली. “आणि पुढे वयामुळे पाय अडखळायला नको.”

“गोठ्याला नसतोच. गुरांचे पाय अडकतात.” मग सुभाष प्राजक्ताकडेच बघत म्हणाले, “हिनं लग्नात माप ओलांडलं ते मोठ्या घराच्या उंबरठ्यावरचं. दुसऱ्या दिवशी मी हिला मागल्या दारानं गोठ्यात नेलं. तितं उंबरठा नव्हता. चाळीत नव्हता. फ्लॅटला फरशीची पट्टी हाय.”

ह्या गोष्टीची लाज किशोरीबाईंना कधी वाटली नव्हती. ती त्यांच्या नवऱ्याला इतकी वर्षं वाटत होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“सागाचा घाला,” सुभाष म्हणाले. “चार बोटं उंच.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं हिला इचारा.” त्यांनी खिशातून पेन काढलं.

घराचं काम सुरू होऊन वर्ष झालं. कोणी विचारलं की सुभाष सांगतात, “फार्महाऊस बांधतोय. आर्किटेक्टचं डिझाइन हाय.” पनवेलमध्ये ह्या शब्दाला कुणी हंबरत नाही. किशोरीबाई त्यांना दुरुस्त करत नाहीत.

कारवी मिळाली नाही, म्हणून मधली भिंत विटांची झाली. तिला प्लास्टर करू नका, मी शेणमातीने लिंपीन, असं त्यांनी दत्ताला बजावलं होतं. पण गावात आता एकाही दारी गुरं नाहीत. त्या रिक्षा करून पनवेलपलीकडच्या एका तबेल्यात गेल्या आणि रंगाच्या दोन रिकाम्या डब्यांत शेण भरून आणलं. शेतातली माती चाळून त्यात कालवली. दुपारपर्यंत निम्मी भिंत झाली. थांबून त्यांनी भिंतीला नाक लावलं. थोड्या वेळाने पुन्हा लावलं. मग हात तसेच धरून उभ्या राहिल्या.

सुभाष दिव्यांच्या बटणांचा खोका घेऊन आत आले. भिंतीजवळ येऊन त्यांनी दोनदा श्वास घेतला.

“तबेल्याचं हाय. पेंड खाणाऱ्या म्हशींचं. आपल्या होत्या त्या डोंगरात चरायच्या.”

“मग ह्याला तसा वास यायचा नाय?”

“नाय. सुकलं तरी नाय.”

बाहेर दत्ताची माणसं पत्रा ओढत होती. डब्यातल्या काल्यावर पापुद्रा धरायला लागला होता. सुभाषनी खोका जमिनीवर ठेवला, कोपऱ्यातली बादली उचलली आणि डब्यापाशी वाकले.

“पाणी घालू?”

“थोडंच,” किशोरीबाई म्हणाल्या. “पातळ झालं की भिंत धरत नाय.”