कावळ्यांचा बंदोबस्त

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे अडवलंत तर मी पुढचं विसरतो. सातवीत शाळा सुटली ती याच कारणाने.

आमचं बेट म्हणजे मालवणच्या खाडीतला माडांचा एक तुकडा. होडीशिवाय यायला वाट नाही. तिथे माझ्या थोरल्या भावाने, दादाने, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. गॅस, भांडी, सगळं आत. पाहुण्यांनी आपलं आपण रांधायचं, आपलं आपण खायचं. "आपण तोंड दाखवूचा नाय," हा दादाचा नियम. "लोक शांततेक येतत."

मग दादा गेला. तापाने, चार दिवसांत. त्यावर मी जास्त बोलत नाही.

खोल्या माझ्या अंगावर आल्या. मला त्या नको होत्या. प्रत्येक खिळा त्याने ठोकलेला, मी बघायचं तरी कुठे? कुडाळचा एक माणूस त्या विकत घ्यायला तयार होता. त्याला सोमवारी उत्तर द्यायचं ठरलं.

पण दादाने घेऊन ठेवलेलं एक बुकिंग राहिलं होतं. सांगलीचे निवृत्त मास्तर आणि त्यांच्या बाई. शनिवारी होडीतून उतरता उतरता मास्तर म्हणाले, "इथे कावळे फार ओरडतात का हो?"

साधा प्रश्न. 'ओरडतात' म्हणून मोकळा झालो असतो. मी काय केलं? बेचकी काढली. दोन दिवस एकाही कावळ्याला बेटावर टेकू दिलं नाही. वर काळ्या कापडाचा मेलेला कावळा करून माडाला उलटा टांगला. दादाच्या पाहुण्यांना शांतता म्हणजे शांतता.

सोमवारी दादाला जाऊन महिना झाला. आयेने त्याच्या आवडीचं केलं, भात आणि तळलेला बांगडा. केळीच्या पानावर वाढून मी ते मागच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, ठेवलं. आता कावळा शिवल्याशिवाय आये जेवणार नाही. तशीही ती महिनाभर धड जेवली नव्हती.

बारा वाजले. एक वाजला.

"शिवलो काय रे?" आये आतून.

"येतलो गो."

"त्याचा मन कशात तरी अडाकला आसतला. इचार त्याका."

इचार म्हणे. मी गडग्यासमोर हात जोडून उभा राहिलो. "दादा, तुझो मोबाइल पाण्यात मीच पाडलंय." काही नाही. "आयेवर परत ओरडूचंय नाय." आभाळात काळा ठिपकासुद्धा नाही. अडीच वाजले. शेवटी म्हटलं, "बरां. खोल्यो विकूचंय नाय. मी चालवतलंय. आता तरी ये."

डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणून विहिरीवर तोंड धुवायला गेलो. परत येतो तर पान साफ. भाताचं एक शीत नाही. बांगड्याचा काटा चोखून पानाच्या कडेला नीट सरळ ठेवलेला.

तो काटा बघून तरी मला कळायला हवं होतं की नाही?

मी धावत आत गेलो. "आये, शिवलो. सगळा खाल्ल्यान."

आये खाली बसली. पदराने डोळे पुसले आणि माझ्यासमोर दोनदा भात घेऊन जेवली. मी तिथूनच कुडाळच्या माणसाला फोन लावला. "खोल्या द्यायच्या नाहीत. परत फोन केलात तर होडीतून बुडवीन." सभ्य माणूस होता बिचारा. त्याने परत केला नाही.

संध्याकाळी मास्तर गडग्याशी आले. आवाज एकदम खाली.

"भाऊ, आमच्या हिला सांगू नका हं. मला तळलेलं बंद आहे. तीन दिवस मुगाची खिचडी खातोय. पान दिसलं आणि राहवलं नाही. तुमचे दादा फोनवर म्हणालेच होते, काही कमी पडलं तर मी आहे. त्यांना सांगा, बांगडा फक्कड होता."

दादा गेल्याचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"सांगतो," म्हटलं.

"आणि शांतता तरी काय हो इथली. एक कावळा नाही."

मी वर माडाकडे बघितलं. काळं कापड मजेत झोके घेत होतं.

आयेला काय सांगणार? ती रात्रीसाठी परत भात टाकत होती. मी गुपचूप माडावर चढलो आणि कापड काढलं.

पुढच्या महिन्यात पान ठेवलं, तर हात मागे घ्यायच्या आत कावळा बांगडा घेऊन गेला. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. म्हणजे दादाचं माझ्याकडे काहीच अडलेलं नव्हतं. खोल्या चालवायचं वचन मी देऊन बसलो ते सांगलीच्या मास्तरांना.

आणि ते परत येतायत. या वेळी बाईंना सांगलीतच ठेवून, एकटेच.