निम्मी बोट

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. नांदेडच्या एका दुकानातून प्लास्टिकची निळी बोट घेतली, छत्तीस हजारांना. हजर तिघे: मी, माझा साडू आणि आमचे सासरे. टेम्पोचे सव्वीसशे, दोन वल्ह्यांचे चौदाशे, दोर आणि नांगर मिळून आठशे. एकूण चाळीस हजार आठशे. निम्मे मी दिले, निम्मे साडूने.

हे आधी सांगतो, कारण पुढे त्या बोटीबद्दल लोक असे बोलायला लागले की जणू माझा तिच्याशी काही संबंधच नाही.

मी आखाडा बाळापूरला आडत दुकानात मुनीम आहे. सासरे, म्हणजे मामा, इसापूर धरणाच्या काठच्या गावात राहतात. मासेमारीचा परवाना त्यांच्या नावावर. जन्मभर ते थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकत आले, पाय सतत पाण्यात. मुलगा नाही, मुली दोन. थोरली माझी बायको. धाकटी साडूची, ती दोघं मामांच्याच गावात, दोन घरं सोडून. साडू मामांसोबत रोज पाण्यावर जायचा. मी रविवारी जायचो.

बोट आल्यावर तिची तयारी आम्ही दोघांनी केली. मी माप घेऊन बाभळीच्या दोन फळ्या कापून आणल्या आणि बसायला आडव्या बसवल्या. साडूने जुनी ट्यूब उभी चिरून बोटीच्या काठाला ओवली, जाळं अडकू नये म्हणून. मामांनी ट्यूबवरून हात फिरवला आणि म्हणाले, "ह्याला म्हणतात हात." माझ्या फळीवर ते नुसते बसले.

महिन्याभरात ती 'धाकट्या जावयाची बोट' झाली. एका रविवारी काठावर पोचलो तर मासे घ्यायला आलेला कळमनुरीचा व्यापारी मला म्हणाला, "बसा, मालक आत गेलेत, येतेतच." मी बसलो. मालक आला तेव्हा बोटीत मामा पुढे बसले होते आणि दोघं कशावरून तरी हसत होते. मी विचारलं, काय झालं. मामा म्हणाले, "काही न्हाई, तिथलं तिथंच."

साडू हिशेबात चोख. मामांचा वाटा आणि त्याची रोजची मजुरी वजा जाता उरलेल्यातला निम्मा वाटा दर आठवड्याला माझ्या हातात. एका रुपयाचीही चूक नाही. भांडायला त्याने जागाच ठेवली नाही, हे मला जास्त लागायचं. घरी मासे आले की बायको सांगायची, "भावजींनी कटला धाडला."

"निम्मा आपलाच आहे तो," मी म्हणायचो.

"बरं. मग कोणता निम्मा शिजवू? डोक्याकडचा का शेपटाकडचा?"

एप्रिलमध्ये मी साखळी आणि कुलूप आणलं. दोन किल्ल्या, एक त्याला, एक मला. बोट रात्री काठावर मोकळीच असायची, चोरी व्हायला वेळ लागत नाही, हे मी सांगितलं आणि ते खरंही होतं. पण त्याहून खरं हे की, माझी किल्ली लागेल असं काहीतरी त्या बोटीवर मला हवं होतं. शेजारच्या वेल्डरकडून ड्रिल मागून आणलं आणि बोटीच्या नाकाला, काठाच्या खाली, आरपार भोक पाडलं.

साडू बघत होता. म्हणाला, "दादा, बोट काय म्हशीवानी दावणीला बांधून राहिले का?"

"म्हैस चोरीला जात नाही का?" मी म्हणालो.

ती बोट दुहेरी पत्र्याच्या डब्यासारखी असते. आत एक भिंत, बाहेर एक, मध्ये हवा. त्या हवेवरच ती तरंगते. मला वाटलं होतं, सगळं भरीव प्लास्टिक आहे. चार दिवसांनी दोघं जाळी काढायला गेले, तर लाटांचं पाणी त्या भोकातून दोन भिंतींच्या मध्ये भरत गेलं आणि बोटीचं नाक खाली बसलं. काठावर येईपर्यंत मामा कमरेपर्यंत ओले. मला फोनवर कळलं, तेही बायकोकडून.

आधी मी हार्डवेअरच्या दुकानातून चिकटवायचा मसाला नेऊन भोकात भरला. वाळला आणि पापडासारखा निघून आला. मग कळमनुरीहून पाण्याच्या टाक्या सांधणारा आणला. बोट उलटी करून दोन दिवस उन्हात ठेवली, पाणी गाळलं, मग त्याने गरम हवेच्या बंदुकीने प्लास्टिकची पट्टी वितळवून दोन्ही बाजूंची भोकं बंद केली. नऊशे रुपये. कुलूप दोघांच्या बोटीच्या राखणीसाठी होतं, तेव्हा खर्चही निम्मा, असं मी म्हणालो. साडूने साडेचारशे काढून दिले. मामा म्हणाले, "पाव्हणं, भोक बी निम्मं निम्मं का?" काठावर चारजण होते, सगळे हसले.

मी तिथेच म्हणालो, भागीदारी मोडायची.

आमच्याकडे दोघांत एक वस्तू असली आणि जमेना, तर रीत ठरलेली आहे. एकाने निम्म्याचा भाव बोलायचा. त्या भावाने घ्यायचं की द्यायचं, ते दुसऱ्याने सांगायचं. साडू म्हणाला, "दादा, तुमी थोरले. तुमीच बोला."

निम्म्या बोटीची त्या दिवशीची किंमत अठरा हजारांच्या वर नव्हती, हे मला माहीत होतं. साडूने नुकतीच मुलीची फी भरली होती, त्याच्याकडे दहाही निघणार नाहीत, हेही माहीत होतं. अठरा बोललो असतो तर त्याने इकडून तिकडून जमवले असते. त्याच्या हातात ती बोट मला बघवत नव्हती. मी म्हणालो, "पंचवीस हजार."

तो क्षणभरही थांबला नाही. "दिली."

"काहून? इचार तरी कर," मीच म्हणालो.

"इचार तुमी केला की," तो म्हणाला. मामा उठून उभे राहिले. "शब्द गेला, पाव्हणं. आता मागं घेता येत न्हाई."

पंधरा हजार मी त्याच आठवड्यात दिले. बोट माझी झाली. दोन रविवार मी वल्ही मारून पाहिली. बोट जागच्या जागी गोल फिरत होती. मामा एकदाही बसले नाहीत. माझ्या बोटीत त्यांना अवघडल्यासारखं होतं, असं बायकोने सांगितलं.

पोळ्याच्या आठवड्यात उरलेले पैसे द्यायला गेलो, तेव्हा धरण भरलं होतं. लांब पाण्यावर थर्माकोलचे दोन तराफे शेजारी शेजारी होते, एकावर मामा, एकावर साडू. बोलणं ऐकू येत नव्हतं, हसणं येत होतं. माझी बोट काठावर पालथी पडली होती. मी बराच वेळ तिच्यावर बसून राहिलो आणि त्या दोघांकडे बघत राहिलो. ते वळले नाहीत, तेव्हा घराकडे गेलो.

साडूच्या दारात मेहुणी होती. म्हणाली, "दाजी, त्येंच्याकडं नगा देऊ, माझ्याकडं द्या. त्या बोटीत माझ्या बचत गटाचे पैसे हायेत." तिने नोटा दोनदा मोजल्या आणि चहाला बसा म्हणाली. मी बसलो नाही. निम्म्या बोटीचे पंचवीस हजार: पंधरा साडूला, दहा मेहुणीला.