डावीकडचं हसू

जपानमधल्या साकाईच्या ट्राम थांब्यासमोर इनुई हिसाएचं केस कापायचं दुकान आहे. बाई साठीच्या पुढची, पण वस्तरा असा हलका चालवते की गिऱ्हाईक खुर्चीतच पेंगायला लागतं. निम्मी करामत वस्तऱ्याची, निम्मी गाण्यांची. आरशाशेजारच्या फळीवर तिचा जुना डिस्क प्लेअर असे. त्याचा कप्पा कुरकुरायला लागला की ती कंगव्याचं टोक घालून ओढून काढायची. एका सकाळी त्यानं तबकडी गिळली आणि मान टाकली. दुरुस्तीवाल्यानं तबकडी सोडवून दिली, पण लेझरच गेलाय, त्याचे भाग आता मिळत नाहीत, असं म्हणून हात जोडले.

मग हिसाए ओसाकाला निप्पोनबाशीच्या विजेच्या वस्तूंच्या बाजारात निघाली. सोबत शेजारची तोफूवाली साकोदा नोबुए, शाळेपासूनची मैत्रीण. दोघी तरुणपणी मोहल्ल्यातल्या बायकांच्या गायनवृंदात होत्या. त्या वृंदानं एकदाच, नगरपालिकेच्या सभागृहात ध्वनिमुद्रण करून तबकडी काढली होती. तीच हिसाएनं पिशवीत टाकली.

तिथले दुकानदार वाकुदा-सान आवाज ऐकवायला मोठ्या उत्साहानं पियानोची तबकडी लावायला लागले. हिसाए म्हणाली, तो पियानो कसा वाजतो मला काय ठाऊक? माझ्या ओळखीच्या बायका ऐकवा.

पहिला प्लेअर नवा, स्वस्त, सिनेमेसुद्धा लावणारा. त्यावर बायका हमामखान्याच्या भिंतीपलीकडून गात असल्यासारख्या वाटल्या. मग हिसाएनं विचारलं, की नुसता आवाज सुधारणारा वेगळा डबा जुन्याला जोडला तर? वाकुदा-सान हसून म्हणाले, ज्याला तबकडीच वाचता येत नाही त्याला डबा काय शिकवणार? शेवटी त्यांनी कोपऱ्यातला एक वापरलेला प्लेअर काढला. फक्त तबकड्या वाजवणारा, धोंड्यासारखा जड. उचलताना त्यांच्या कपाळाची शीर फुगली.

सूर लागला आणि हिसाएच्या अंगावर काटा आला. उजवीकडे उंच आवाजाच्या बायका, डावीकडे खालच्या आवाजाच्या, मधे कुणीतरी कागद उलटतंय. शेवटच्या कडव्याआधी वृंद श्वास घ्यायला थांबला आणि त्या शांततेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

त्या हसण्याला मोठा इतिहास होता. मुद्रणाच्या दिवशी हसू सगळ्यांनीच ऐकलं होतं. वृंदगुरू संतापले, पण कुणी कबूल होईना. हिसाए आधीच खिदळण्याबद्दल बदनाम, त्यामुळे आळ तिच्यावर आला आणि पुढच्या कार्यक्रमात तिला पार शेवटच्या रांगेत खांबामागे उभं केलं. घरच्या प्लेअरवर तो आवाज खुर्ची करकरल्यासारखा वाटायचा, म्हणून कुणी पुढे चौकशी केली नाही.

"पुन्हा लावा," हिसाए म्हणाली.

पुन्हा लावलं. हसू स्पष्ट डावीकडून आलं. हिसाए उजवीकडे उभी असायची. डावीकडे, टोकाला, उभी असायची नोबुए.

नोबुए यंत्राकडे बघत म्हणाली, "हे बिघडलेलं दिसतंय गं. दुसरं बघ."

"हेच द्या," हिसाए वाकुदा-सानना म्हणाली. किंमत तिनं नंतर विचारली.

खोकं दोघींनी दोन बाजूंनी धरून ट्राममध्ये चढवलं आणि मांड्यांवर आडवं घेतलं. तीन थांबे नोबुए खिडकीबाहेर बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले.

"गुरुजींचे मोजे," ती कशीबशी म्हणाली. "एक काळा, एक पिवळा. आणि पिवळ्यातून अंगठा बाहेर."

"अगं मेले, हसलीस तू, आणि खांबामागे मी."

"तू कुठेही उभी राहिलीस तरी ऐकू यायचीसच."

मग दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. समोरचे आजोबा काही न कळता हसायला लागले, आणि उतरायचा थांबा मागे पडला. परतीच्या ट्राममध्ये त्यांना बसायला जागा मिळाली नाही. ओझं उभ्यानं सांभाळत त्या खिदळत राहिल्या.

रविवारी वृंदातल्या उरलेल्या साऱ्या जणी केशकर्तनालयात जमल्या. नोबुएनं परात भरून तळलेला तोफू आणला, दंड म्हणून. एका गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावलेला होता, तो तसाच बसून राहिला. तबकडीत ते हसू आलं तसा एकच गलका झाला. प्रत्येकीला आपापला आवाज ओळखायचा होता, म्हणून तबकडी किती वेळा फिरली कुणास ठाऊक.

तेवढ्यात कानाला यंत्र लावलेल्या इसोबे आजी म्हणाल्या, "हसणाऱ्या दोघी आहेत."

पुन्हा लावलं. डावीकडच्या हसण्याला लागूनच उजवीकडून एक छोटा, दाबलेला फुस्सकारा. सगळ्यांच्या माना हिसाएकडे वळल्या. ती अगदी मन लावून वस्तरा पुसत होती.

"मला मोजे दिसलेच नव्हते," ती म्हणाली. "मी नोबुएचं तोंड बघून हसले."

तोफूची परात निम्मी हिसाएच्या नावावर लिहिली गेली. मग कुणीतरी सूर धरला, बाकीच्या आपापल्या बाजूला उभ्या राहिल्या आणि साऱ्या जणी तबकडीतल्या स्वतःबरोबर गायल्या, अर्धी पट्टी खाली.