खोटं उजवा बोलला

तेल्हाऱ्याहून पदवीची फाइल काखेत मारून मी अमरावतीला डॉ. प्रमिलाताई गावंडे यांच्या फिजिओथेरपी केंद्रात नोकरी मागायला गेलो, तेव्हा ताईंनी फाइल उघडलीच नाही. मला डोळे मिटायला लावले, माझा उजवा हात कोपरात थोडा वाकवून परत सरळ केला आणि म्हणाल्या, "आता आपल्या मनानं तितकाच वाकव." मग डाव्याची तीच परीक्षा. उजव्या हाताने क्रिकेटमध्ये गोलंदाजी करणारा मी. पण नेमक्या जागेवर परत आला तो डावा. ताई हसल्या. "उजवा डोळ्याच्या भरवशावर मिरवते. डावा मुकाट्यानं ध्यान ठेवते."

हात कुठे आहे हे न बघता कळणं, ही ताईंच्या आयुष्यभराच्या अभ्यासाची गोष्ट. बऱ्याच उजखोऱ्या माणसांत ही जाणीव डाव्या हाताची जास्त पक्की असते, असं त्या आम्हाला शिकवत. "सगळ्यांचं तसंच असंल असं नाही, तपासून पाहा," हेही लगेच जोडत. मी मात्र अर्धंच ऐकलं होतं. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

पुढे ताईंनी मला अकोल्याच्या शाखेत नेमलं. तिथे बार्शीटाकळीच्या कलाबाई आल्या. घरची फुलशेती, हार गुंफण्यात हातखंडा. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजव्या हातात ताकद परतली होती, पण नजर हटली की त्या हातातला दोरा सुटायचा. मी त्यांचे डोळे मिटवून उजवा हात एका जागी ठेवला आणि डाव्याने नक्कल करायला सांगितली. डावा भलतीकडेच गेला. मी कागदावर लिहून टाकलं, "दोन्ही हातांची जाणीव कमी." वर त्यांना सांगूनही टाकलं, की हाराचं काम आता विसरा. "मंग मी दिवसभर करू काय?" एवढंच म्हणून त्या रडायला लागल्या. मला तेव्हा त्यात माझी चूक दिसली नाही, याची आजही लाज वाटते.

गुरुवारी ताई अकोल्यात येत. कागद वाचून त्यांनी कलाबाईंना पुन्हा बसवलं. या वेळी डाव्याची परीक्षा डाव्यानेच घेतली. तो दर वेळी बिनचूक जागेवर. माझ्या परीक्षेत त्याने उजव्याने कळवलेली चुकीची जागाच तेवढी गाठली होती. माझ्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "खोटं उजवा बोलला, शिक्षा डाव्याले काहून?" आणि कलाबाईंना मोठ्याने म्हणाल्या, "बाई, आमचं चुकलं." कागदावर सही माझी एकट्याची होती. तरी त्या 'आमचं' म्हणाल्या.

हार आता डाव्याच्या भरवशावर गुंफायचा, असं ताईंनी सुचवलं. पण कलाबाई अडून बसल्या. "देवाच्या हाराले डावा हात लावू? नाई जमत मले."

ताईंनी वाद घातला नाही. दोरा आणि झेंडू मागवले. "गाठ उजवा मारते. मंग फूल कोन धरते?"

कलाबाई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "आतापावतो डावाच धरून राह्यला की व!"

मग तीच रीत ठरली. डाव्याने न बघता धरायचं, उजव्याला डोळ्यांनी सांभाळत तिथवर न्यायचं. कितीतरी गुरुवार ताई शेजारी बसून स्वतः हार शिकल्या. त्यांचा पहिला हार दारापर्यंत पोहोचायच्या आत सुटला, आणि झटक्यानंतर कलाबाई पहिल्यांदा पोट धरून हसल्या. उजव्याची गेलेली जाणीव पुरती परतली नाही. हार मात्र परतले.

ताई, आज आपण पंचाहत्तरीत प्रवेश करत आहात. आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो, अशी आम्हा शिष्यांची मनापासून इच्छा आहे. पण शुभेच्छा द्याव्यात तर कलाबाईंनीच. समारंभाचा हार कुठून आणायचा, असं मी बोललो मात्र, त्या माझ्यावर उखडल्या.

"इकत कायले आनता? मी मेली का? अन् ताईले सांगजा, शंभरीचाबी मीच करीन. तवा दिसत नसन, लोक हाताले धरून नेत असन मले, तरी करीन. फूल धराले डोये कायले लागते!"